आपोआप आखूड होणारा पट्टा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

डाव्या खांद्यावर यापुढे बॅग अडकवायची नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी हे सांगितलं आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दुपारी त्याला दुजोरा दिला.

बातमी आधी आणि तपशील मागून, ही सवय निवृत्त झालो तरी गेलेली नाही. तपशील असा. जूनमध्ये खांद्यातला फाटलेला स्नायुबंध शिवला. नोकरीभर कॅमेऱ्याची बॅग मी त्याच खांद्यावर वाहिली. वृत्तपत्राच्या फोटोग्राफरची बॅग खांद्यालाच असते. चेन उघडी, हात आत, मंत्री गाडीतून उतरेपर्यंत कॅमेरा बाहेर. पाठीवर बॅग घेऊन आलेल्याला आमच्यात सहलीला आलेला समजत. आता डॉक्टर म्हणतात, न्यायचंच असेल तर पाठीवर न्या, कंबरपट्टा घट्ट बांधा, भार कंबरेवर येऊ द्या, खांद्यांनी नुसतं सावरायचं. किती वजन चालेल, असं विचारलं. “जेवढं कमी तेवढं.” सरकारी प्रवक्तेही यापेक्षा जास्त सांगायचे.

संध्याकाळी अक्षताचा फोन आला. लेण्यांवर पुस्तक काढणाऱ्या संस्थेचं सगळं काम ती बघते. पुस्तकातल्या फोटोंचं काम अजून माझ्याकडेच आहे. डोंगरातल्या एका लेण्यात भिंतीवर धम्मलिपीतला, म्हणजे ब्राह्मीतला, लेख आहे. त्याची शेवटची ओळ झिजलेली आहे आणि तिचा एकही स्पष्ट फोटो नाही. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण संस्थेने ते अजून जाहीर केलेलं नाही. सकाळचं तिरपं ऊन त्या भिंतीवर फक्त थंडीच्या या दिवसांत येतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत फोटो हातात हवा, नाहीतर चेतनला सांगावं लागेल, असं ती फार अदबीने म्हणाली. चेतन माझ्या हाताखाली तयार झाला. चांगला आहे. शिवाय त्याला दोन खांदे आहेत.

मला हे काम हवं आहे. बाकी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. हे गेलं तर पुढचा फोन येणार नाही. त्यामुळे पहिली गोष्ट बॅग.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमा. दीपाली विहारात जायच्या तयारीत असताना हैदराबादहून पूर्वाचा फोन आला. मी फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलत होतो. लेकीचं म्हणणं, “बाबा, एकटे कशाला जाता? आईला घेऊन जा ना.” मी म्हटलं, ती तिथे काय करणार? दगड आणि ऊन. एका कडेला बसून कंटाळेल.

दीपाली चहा गाळत होती. कप पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, “बॅग केवढी घेणार?”

मोठी, म्हटलं. सगळं मावलं पाहिजे.

गेल्या वर्षी ती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाली आणि तेव्हापासून दर रविवारी विहारात धम्मलिपीच्या वर्गाला जाते. लेण्यांवर असते ती लिपी. वेळ बरा जातो. फक्त सराव म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याच लिपीत चिठ्ठ्या लावल्या आहेत. ती गेल्यावर मी आणखी एक चहा केला आणि त्यात मीठ पडलं. अशोकाच्या काळातसुद्धा मीठ आणि साखर शेजारी ठेवत नसतील.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बॅग घेतली.

आधी हायवेजवळच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता प्रत्येक बॅगेबद्दल “सर, सगळे हीच घेतात” म्हणत होता. सगळे जर प्रत्येक बॅग घेत असतील तर एवढ्या उरल्या कशा, हे मी विचारलं नाही. एक बॅग सुरेख होती, पण कंबरपट्टा नुसता शोभेचा, रिबिनीसारखा.

मग दीपालीच म्हणाली, नारायण पेठेत एक दुकान आहे, डोंगरात जाणारे तिथून घेतात. दुकान पुष्कर नावाच्या गृहस्थांचं. चाळिशीचे असतील. खाली विकतात, माळ्यावर शिवतात. त्यांनी बॅगा दाखवायच्या आधी विचारलं, न्यायचंय काय. मी सांगितलं. दोन कॅमेरे, तीन-चार लेन्स, दोन दिवे, त्यांचे स्टँड, ट्रायपॉड, बॅटऱ्या, छत्री, पाणी, डबा.

“आणि फ्रिज?”

मी हसलो नाही. दीपाली हसली.

त्यांनी दोन बॅगा काढल्या, मधली आणि मोठी. दोन्हींना जाड, रुंद कंबरपट्टा. दोन्ही पाठीच्या बाजूने उघडतात, म्हणजे बॅग मातीत ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू स्वच्छ राहते. आतले कप्पे हवे तसे काढता-घालता येतात. मधलीत मला वाळूच्या पिशव्या घालून दुकानात चालवलं. बरी वाटली. मोठीत तर ट्रायपॉडही आत जातो. मी मोठी म्हणालो.

“मोठ्या बॅगेत एकच दोष आहे,” पुष्कर म्हणाले. “ती भरते.”

दीपालीने मोठी बॅग हातात घेऊन उघडली, आत डोकावली, कप्पे काढून रिकामी किती होते ते पाहिलं. मग म्हणाली, मोठीच घ्या. तिने माझी बाजू घेतली याचं थोडं नवल वाटलं. खरेदीत ती सहसा विरोधी पक्षात असते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सराव सुरू. खरं सामान नको, पडलो तर नुकसान. म्हणून गॅलरीतली रद्दी भरली. त्यात माझेच फोटो असलेली पहिली पानं बरीच आहेत. पूर, मिरवणुका, निवडणुका, पुन्हा पूर. सगळं एकत्र पाठीवर घेतलं की चांगलंच जड लागतं.

पट्टे माझ्या मापाने बसवले आणि कालव्याच्या रस्त्याने जाऊन आलो. खांदा बोलत होता, पण ओरडत नव्हता. सोसायटीच्या दारात वॉचमन सर्जेरावांनी विचारलं, “साहेब, गावाला निघाला का?” परत आल्यावर म्हणाले, “लवकर आला.”

दिवसाआड जायचं ठरवलं. व्यायामाच्या बाईंनी रोज जायला मनाई केली आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चमत्कारिक प्रकार. पाठीवर बॅग घेतली तर ती मानेत चढून बसली. पाहिलं तर खांद्याचे दोन्ही पट्टे आखूड झालेले. मागच्या खेपेला मी स्वतः बसवले होते. परत सैल केले, फिरून आलो.

बकल नवीन आहे, बसायला वेळ लागत असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

पट्टे पुन्हा आखूड. कंबरपट्टाही.

बाकी मात्र बॅग सुधारते आहे. आज वजन पाठीला छान चिकटून बसलं, मागे ओढत नव्हतं. रद्दी दबून आपोआप नीट बसली असावी. जाडे गठ्ठे पाठीकडे सरकलेत आणि रविवारच्या पुरवण्या बाहेरच्या बाजूला. कागदाला जणू कळतं.

बॅगेच्या बुडाला कुसळं चिकटलेली निघाली. मी तर डांबरी रस्त्यानेच चालतो. कालव्याच्या कडेचं गवत वाऱ्याने उडत असणार.

खांद्याचं मलम संपलं. एवढं लावलेलं आठवत नाही. दीपालीला नवीन आणायला सांगितलं तर तिने ते आधीच आणून ठेवलं होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पट्ट्यांची तक्रार घेऊन नारायण पेठेत गेलो. पुष्करना सगळं सांगितलं. त्यांनी बकल उघडलं, लावलं, पट्टा जोर लावून ओढला. तो हलला नाही. मग मला म्हणाले, “वजनाने पट्टा सैल होतो. आपोआप आखूड होणारा पट्टा अजून बाजारात आलेला नाही. आला की पहिला तुम्हाला देतो.”

मी म्हटलं, पण प्रत्येक वेळी होतोय.

“किती आखूड होतो? दरवेळी वेगळा की तेवढाच?”

हे मी पाहिलं नव्हतं. आठवून सांगितलं, तेवढाच. बहुतेक याच शिलाईपर्यंत.

त्यांनी त्या शिलाईवर अंगठा ठेवला आणि विचारलं, घरात आणखी कोण असतं?

“मिसेस.”

“मग पट्ट्यात दोष नाही,” असं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परतताना बराच विचार केला, अर्थ लागला नाही. पेठेतल्या दुकानदाराला मालातला दोष मान्य करायचा नसला की तो घरच्या माणसांपर्यंत पोचतो. दीपालीला हे सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, “तऱ्हेवाईक असतात एकेक.” मग बराच वेळ मान वर केली नाही. तिलाही वाईट वाटलं असावं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शेवटची ओळ मिळाली नाही. अक्षताने दुपारी तसं कळवलं: “सर, अक्षरं दिसत नाहीयेत.”

आज चाचणीसाठी संस्थेच्या गाडीने पहाटेच निघालो. ड्रायव्हर खाली थांबला, मी खरं सामान घेऊन चढायला लागलो. सगळं घेतलं होतं. बॅगेत जागा होती, मग ठेवायचं कशाला. वाटेत एक वळण आहे, तिथे कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहे. तिथपर्यंत गेलो आणि खांद्याने सांगितलं की आता बास. कंबरपट्टा घट्ट होता, पण चढावर माणूस पुढे वाकतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. रद्दी घेऊन सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला हे कसं कळणार. बसलो. उठलो. पुन्हा बसलो. वर पोचलो तेव्हा उन्हाचा तो पट्टा भिंत सोडून जमिनीवर उतरला होता. दिवे लावून पाहिले. भिंत नुसती पांढरी पडली.

चेतनचा फोन आला होता. त्याला कुणाकडून तरी कळलं असणार. “सर, बॅग उचलायला माणूस देतो.” मी नको म्हटलं. बॅग दुसऱ्याच्या पाठीवर गेली की फोटोही त्याच्यामागे जातो, हे मीच त्याला शिकवलं होतं. तो म्हणाला, “सर, ते खांद्यावरच्या बॅगेचं होतं.” पोरगा आता मलाच उत्तरं देतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संविधान दिन. विहारात उद्देशिका वाचायला दीपालीच उभी राहिली. अर्जावर सही मागावी इतक्या स्वच्छ सरकारी आवाजात तिने वाचलं.

घरी आल्यावर मी कालचे फोटो कॉम्प्युटरवर पाहत बसलो होतो. ती मागे येऊन उभी राहिली. एका खुणेवर बोट ठेवून म्हणाली, “हे अक्षर नाही, छिन्नीचा घाव आहे. अक्षर याच्या डावीकडे आहे. ते तुम्ही अंधारात ठेवलंय.”

मी म्हटलं, मी काय ठेवणार, ऊन निघून गेलं होतं.

“गेलं तर परत आणायचं.”

धीर द्यायला बोलली असावी. पण त्या घावाचं तिचं म्हणणं खरं निघालं. मी तो भाग मोठा करून पाहिला. काल पूर्ण एक कॅमेरा मी त्या घावावर लावून बसलो होतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चेतनला द्या, असं अक्षताला सोमवारी कळवायचं ठरवतो आहे. नोकरीत एकही काम मी अर्धवट परत केलं नव्हतं. पण तेव्हा अंकाची वेळ ही एकच अडचण असायची. अंग ही अडचण नव्हती.

दीपालीला सांगितलं. “सोमवारी नको,” ती म्हणाली. “पौर्णिमेपर्यंत थांबा.” मी कारण विचारलं. “थांबा म्हटलं ना.” पौर्णिमेचा आणि खांद्याचा संबंध मला कळत नाही. पण पौर्णिमा गुरुवारीच आहे, तेवढं थांबतो.

मंगळवार, २ डिसेंबर

पट्टे आखूड का होतात ते समजलं. सर्जेरावांनी सांगितलं आणि नंतर मी स्वतः पाहिलं.

आज लवकर जाग आली. गुरुवारनंतर काम सोडून बॅग पुष्करना परत करायचीच, तर लेण्यावरून आल्यावर पुन्हा भरलेली रद्दी आताच काढून ठेवू म्हणून गॅलरीत गेलो, तर बॅग जागेवर नाही. दीपाली नेहमीप्रमाणे फिरायला गेलेली. घरभर शोधली, मग तसाच खाली गेलो आणि सर्जेरावांना सांगितलं की माझी बॅग चोरीला गेली.

“चोरी कशाची, साहेब? म्याडम घेऊन गेल्या की. रोजच नेत्यात. टेकडीवर.”

रोज?

“मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हळूच खुर्ची पुढे केली.

मी बसलो नाही, टेकडीकडे गेलो. वनउद्यानाच्या वाटेने बरीच माणसं उतरत होती, आणि त्यांच्यात मला आधी बॅग दिसली. दीपालीच्या डोक्याच्या वर तिचं टोक येत होतं. खाली ती, हातात काठी, पायात ते बूट, जे मला तिने गुडघ्यांसाठी घेतल्याचं सांगितलं होतं. उतारावर ती आडवे पाय टाकत, घाई न करता येत होती. मी मध्येच उभा राहिलो.

“ती माझी बॅग आहे.”

“माहीत आहे. रागवायचं असेल तर खाली गेल्यावर. इथे माती घसरते.”

मी बाजूला झालो. ती पुढे आणि मी मागे, असे उतरलो. खाली कट्ट्यावर ती बॅगेसकट बसली, पट्टे सोडले नाहीत. मी विचारलं, सांगितलं का नाहीस.

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?”

मी बॅगेच्या बुडाची कुसळं काढायला लागलो.

“पूर्वाला म्हणालात तेच. मी तिथेच चहा गाळत होते.”

तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जड गेलं. दोन बायका आमच्याकडे बघत व्यायाम करत होत्या. त्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, “कुणीतरी दान दिलं आणि आपलं नाव भिंतीत कोरून ठेवलं. ते नाव अजून कुणाला धड वाचता आलेलं नाही. मला ते वाचायचंय. पुस्तकातून नाही, भिंतीवरून. नुसती तुमच्याबरोबर आले असते तर कुणीही विचारलं असतं, या बाई कशाला. बॅग आणणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही.”

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडून निघालं, “कंबरपट्टा घट्ट बांधतेस ना?”

“आता बांधते. पहिले काही दिवस सगळं खांद्यावर घेत होते. तुमचं मलम मीच संपवलं.”

घरापर्यंत बॅग तिच्याच पाठीवर होती. मी मागितली, तिने दिली नाही. सर्जेरावांनी आम्हाला पाहून मोबाइलमध्ये डोकं घातलं.

कागदाला जणू कळतं, असं मी सोळा तारखेला लिहिलं आहे. ते खोडत नाही. राहू दे.

गुरुवार, ४ डिसेंबर

पौर्णिमा. चेतनला द्या, असं अक्षताला कळवलं नाही. उलट आणखी एकदा जातो म्हणून सांगितलं. बरोबर कोण, तेही सांगितलं. ती म्हणाली, मॅडम लेख वाचतात हे आधी का नाही सांगितलं? आमचे लिपीवाले सर वर चढू शकत नाहीत, आम्ही वाचणारं माणूस शोधतोय. मी म्हटलं, मलाही नुकतंच कळलं.

दुपारी मी रद्दी काढून मागच्या वेळचंच सगळं सामान भरलं आणि मग दोघांनी बॅग पलंगावर रिकामी केली. दीपाली एकेक वस्तू उचलून नुसती माझ्याकडे बघायची. दोन्ही दिवे बाहेर. स्टँड बाहेर. दुसरा कॅमेरा बाहेर, त्यावर मात्र मी थोडा भांडलो. छत्री तिने ठेवली, मला ती नको होती. कप्पे काढल्यावर बॅगेत एवढी मोकळी जागा झाली की मला वाटलं, मधली बॅगच पुरली असती.

तेवढ्यात ती बेडरूममधल्या कपाटाचा आरसा घेऊन आली. शेजारच्या सुताराने तिला पौर्णिमेचा वायदा केला होता आणि आज सकाळीच तो सोडवून, कडा घासून दिला होता; मला थांबवलं होतं ते यासाठी. जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळलेला आरसा मोठ्या बॅगेत पाठीच्या बाजूने सरळ उभा बसला. मधलीत गेला नसता. दुकानात ती कप्पे काढून काय बघत होती, ते आज कळलं.

वर्गात त्यांना दाखवतात म्हणे. ऊन भिंतीवर येत नसलं तर आरसा घेऊन उन्हात उभं राहायचं आणि कवडसा बाजूने भिंतीवर सोडायचा. जेवढा तिरपा, तेवढी अक्षरं उठून दिसतात. गेलेलं ऊन परत आणायचं, ते असं.

आम्ही लगेच खाली जाऊन सोसायटीच्या भिंतीवर करून पाहिलं. ती आरसा धरून उन्हात, मी कॅमेऱ्यामागे, सर्जेराव गाड्या थांबवायला. कवडसा भिंतीला घासून गेला आणि साध्या पिवळ्या भिंतीवर डोंगरदऱ्या उभ्या राहिल्या. दीपालीने आरसा आणखी जरा वळवला. रंगाच्या थरांखाली बुजलेली जुनी सूचना अक्षर अक्षर वर आली: ‘येथे गाडी लावणाऱ्याची हवा सोडण्यात येईल.’

“शिलालेख,” दीपाली म्हणाली.

सर्जेराव म्हणाले, हे आधीच्या चेअरमनचं आसंल. मी फोटो काढला. बऱ्याच दिवसांनी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून बरं वाटलं.

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात दिवसभर लोक येत होते. आज सराव नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहिले. कॅमेरा नेला नव्हता, त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

दोघं पुष्करांकडे गेलो. त्यांनी मला नाही, दीपालीला विचारलं, “पट्टा सुधारला का?”

ती म्हणाली, सुधारला, थोडा उशिरा.

“पेपरात होतात ना तुम्ही?” हे मला.

मग त्यांनी तिची पाठ मापली आणि आतली पट्टी एक घर खाली घेतली. खांद्याच्या आणि कंबरेच्या पट्ट्यांवर रंगीत दोऱ्याच्या खुणा शिवून दिल्या, पांढरी माझ्या मापाची, निळी तिच्या. रोज मोजत बसायला नको. आरशासाठी पाठीच्या बाजूने एक जाड कापडाचा खिसाही घातला. काम बघत दुकानात तासभर बसलो, तर चहा मागवला. पेठेत एवढं झालं म्हणजे आपण घरचे झालो.

निघताना म्हणाले, लेखात काय निघालं ते येऊन सांगा. ‘सांगा’ म्हणाले, मला. पण बघत होते तिच्याकडे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

उद्या जायचं नक्की. गाडी पहाटे दारात येईल, असं अक्षताने आत्ताच कळवलं. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीत आरशाचा उल्लेख नव्हता, म्हणून तिने मुद्दाम विचारलं. भिंतीला काही टेकवायचं नाही या अटीवर होकार आला आहे. आकाश निरभ्र राहील, हे हवामान खात्याने सांगितलं आहे आणि सर्जेरावांनी त्याला दुजोरा दिला आहे.

उद्याचाही फोटो आला नाही, तर सोमवारी काम चेतनकडे जाईल. ते मी मान्य केलं आहे. चेतननेच फोन करून सांगितलं की शनिवार-रविवार त्याने दुसरीकडे काम घेतलंय, म्हणजे मी निवांत जावं. खरंच काम घेतलंय का, ते विचारलं नाही.

पूर्वा फोनवर आईला सूचना देत होती. पाणी, टोपी, बाबांना ओरडू देऊ नकोस. दीपाली हो हो म्हणत होती आणि दुसऱ्या हाताने टेबलावर बोटाने काहीतरी काढत होती. झिजलेल्या ओळीचं पहिलं अक्षर असावं. मी तिला विचारलं, काय निघेल असं वाटतं? म्हणाली, अंदाज बांधून गेलं की तेच दिसतं. पण सुरुवातीची खूण तिच्या मते बाईच्या नावाला शोभते. मग लगेच म्हणाली, हे कुठे लिहू नका. इथे लिहिलं आहे.

भीती आहेच. ऊन, कवडसा, खांदा, यातलं एकही आमच्या हातात नाही. पण मागच्या वेळी वर पोचलो तेव्हा भिंतीकडे बघून काय बघायचं हे मला माहीत नव्हतं. उद्या ते माहीत असलेलं माणूस बरोबर आहे.

चढायचं कसं, तेही ठरलं आहे. पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत बॅग ती नेईल, तिथून वर मी. मी हे दोनदा बजावलं आणि तिने दोन्ही वेळा “बघू” म्हटलं. उजाडताना आम्ही पायथ्याशी असू आणि ऊन भिंतीवर यायच्या आत वर, असं अपेक्षित आहे.

बॅग दाराशी ठेवली आहे. पट्टे निळ्या खुणेवर आहेत. मीच लावले.